गलबतांचा चातुर्मास

रत्नागिरीच्या सागरी इतिहासाविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात स्वाऱ्या आहेत, लढाया आहेत, मालाची आवकजावक आहे आणि जकातीचे हिशेबही आहेत; परंतु ज्या गलबतांनी हा सारा व्यवहार वाहिला ती वर्षातील चार महिने कोठे होती, कोणाच्या स्वाधीन होती आणि त्या अवधीत त्यांचे काय केले जात होते, ह्या साध्या प्रश्नाकडे लेखकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. ज्येष्ठात समुद्र खवळला म्हणजे वाहतूक बंद पडे आणि श्रावणानंतर ती पुन्हा सुरू होई, एवढ्या एका वाक्यात हा सारा काळ गुंडाळला जातो. वस्तुतः गलबताच्या आयुष्याचा निकाल ह्याच चार महिन्यांत लागत असे. वाहत्या गाडीची किंवा चालत्या नावेची दुखणी आवाज करून धन्याला जागे करतात. उभ्या करून ठेवलेल्या वाहनाचा क्षय मात्र मुकाट्याने चालतो, आणि तो ध्यानात येतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. कोकणातील दर्यावर्दी लोकांनी हे ओळखून विश्रांतीच्या काळालाच कामाचा काळ कसा बनविला, त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम निसर्गाची सक्ती ध्यानी घेतली पाहिजे. रत्नागिरीचे बंदर उत्तरेस मिऱ्याचा डोंगर आणि दक्षिणेस रत्नदुर्गाचे भूशिर ह्यांच्या मध्ये वसले आहे, आणि किल्ल्याच्या दक्षिणेकडील मांडवीचा किनारा तर पश्चिमेस सर्वस्वी उघडा आहे. नैऋत्येचा वारा एकदा सुटला, की ह्या उघड्या पाण्यात नांगर टाकून राहणे म्हणजे नांगराच्या दोरावर जीव टांगून राहण्यासारखे होते. शिवाय कोकणातील बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. त्यावर पावसाळी लाट फुटू लागली म्हणजे आतली नाव बाहेर पडत नाही आणि बाहेरच्या नावेला आत येण्याची वाट राहत नाही. म्हणून वेळ असतानाच, वैशाखाच्या अखेरीस, गलबते आत घ्यावी लागत: काजळी नदीच्या मुखाशी भाट्याच्या खाडीत, शास्त्री नदीवर जयगडच्या आडोशाला, मुचकुंदीवर पूर्णगडाशी, दक्षिणेस जैतापूरच्या खाडीत. लहान होड्या आणि मचवे थेट किनाऱ्यावर, भरतीच्या सर्वांत उंच रेषेच्याही वर ओढून घेतले जात. ही धावपळ एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. ज्याने उशीर केला त्याची नाव गेली, हा न्याय समुद्र स्वतःच चालवीत असे, आणि त्याच्या निवाड्यावर अपील नव्हते.

ही निसर्गाची सक्ती राज्यकर्त्यांनी राजनीतीत कशी उतरविली, हे पाहण्यासारखे आहे. घाटावरील मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघत; आरमाराचेही तसेच होते. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास जी आज्ञापत्राची रचना केली, तीत आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याच्या निगराणीचे नियम दिले आहेत. त्यात आरमाराच्या छावणीचाही विचार आहे: समुद्र खवळण्यापूर्वीच काही दिवस गलबते सुरक्षित बंदरात न्यावीत, आणि छावणी दरसाल एकाच बंदरी करू नये, असा त्याचा आशय आहे. ह्या दुसऱ्या नियमामागील कारण मोठे मार्मिक आहे. शेकडो खलाशी चार महिने एका गावावर बसले, की कितीही ताकीद दिली तरी रयतेस उपद्रव व्हावयाचाच. तेव्हा हा भार एकाच मुलुखावर वर्षानुवर्षे पडू नये, ही त्यातील दृष्टी. त्याच प्रकरणात लाकडाविषयीही सावधगिरी आहे. गलबतांसाठी लागणारे साग आदिकरून वृक्ष परवानगीने तोडावेत, परंतु आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात, असे अमात्य बजावतात. दुरुस्तीचे साहित्य कोठून आणावे आणि कोठून आणू नये, ह्याचा इतका बारीक विचार ज्या शासनाने केला, त्याच्या लेखी नाव बांधणे आणि नाव राखणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होती हे उघड आहे.

ह्या कर्तव्याचे दगडात कोरलेले चिन्ह विजयदुर्गाच्या परिसरात आजही पाहावयास मिळते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. वाघोटणच्या खाडीत, किल्ल्यापासून काहीसे आत, गिर्ये येथे खडक खोदून केलेली जुनी गोदी आहे. आंग्र्यांच्या आणि पुढे पेशव्यांचे आरमारी सुभेदार असलेल्या धुळपांच्या नावाशी ती जोडली जाते. मोठे गलबत भरतीच्या पाण्याबरोबर आत घ्यावे आणि पाणी ओसरल्यावर त्याचा तळ उघडा पाडून काम करावे, ही गोदीची सारी युक्ती. विजयदुर्गाच्या मुखाशी वाळूचा दांडा नाही, त्यामुळे कोणत्याही हवेत आत शिरता येते. पश्चिम किनाऱ्यावर ही सोय फार थोड्या बंदरांना लाभली आहे. आरमाराचे ठाणे तेथे व्हावे ह्यात नवल नाही.

परंतु गलबते एकत्र ठेवण्यातला धोकाही ह्याच विजयदुर्गाने दाखविला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा दर्यासारंग वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह ह्यांनी पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली, तेव्हा आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत एकमेकांस बांधून उभे होते. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर एक गोळा पडून त्याने पेट घेतला, आणि दोरखंडांतून, शिडांतून, तेल प्यालेल्या फळ्यांतून ती आग पाहता पाहता साऱ्या ताफ्यात पसरली. कान्होजींनी उभारलेली आणि त्यांच्या मुलांनी वाढविलेली ती आरमारी शक्ती एका दिवसात राख झाली. प्रसंग लढाईचा होता, छावणीचा नव्हे. तरी त्यातील धडा छावणीलाही लागू पडतो. ठेवलेली वस्तू शत्रूपासून आणि वादळापासून सुरक्षित असली तरी शेजारच्या वस्तूपासून ती सुरक्षित आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते. किनाऱ्यावर गवताने आणि झापांनी शाकारलेल्या होड्यांची रांग लागली म्हणजे जुने नाखवे त्यांच्या जवळपास चूल पेटू देत नसत, ते काही उगाच नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लाकडी नावेचे शत्रू चार: खाऱ्या पाण्यातला किडा, गोडे पाणी, ऊन आणि स्वतःचाच भार. ह्यांतील पहिला सर्वांत कपटी. तो अगदी बाल्यावस्थेत टाचणीच्या अग्राएवढ्या छिद्रातून फळीत शिरतो, आत वाढत जातो आणि बाहेरून फळी धडधाकट दिसत असता आतून तिची चाळण करून टाकतो. ह्याला मारण्याचा उपाय म्हणजे नाव पाण्याबाहेर कोरडी ठेवणे किंवा गोड्या पाण्यात उभी करणे. परंतु धोका जाणवताच हा प्राणी आपल्या बिळाचे तोंड बंद करून घेतो आणि काही आठवडे तग धरून राहतो, म्हणून दोनचार दिवसांच्या उपचाराने भागत नाही. पावसाळ्यात नद्यांना लोंढे आले, की खाडीच्या वरच्या भागातले पाणी जवळजवळ गोडे होते. तेथे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गलबताचा किडा आपोआप मरतो. वादळापासून बचाव म्हणून जी जागा निवडली, तीच चिकित्सेचीही जागा ठरावी, हा योगायोग म्हणावा की अनेक पिढ्यांच्या निरीक्षणाचे फळ म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु जे पाणी किड्याला मारते तेच वरून पडले तर लाकडाला कुजविते. समुद्राचे मीठ लाकडात मुरून ते टिकविते. पावसाचे पाणी सांध्यांत साचून बुरशी धरते. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक ह्याच चार महिन्यांत. म्हणून होडी वर ओढल्यावर पहिले काम म्हणजे तिला मोकळी करणे: डोलकाठी उतरवायची, शिडे गोड्या पाण्यात धुऊन, खडखडीत वाळवून, घडी घालून माळ्यावर टाकायची, सुकाणू काढून घरी न्यायचे, काथ्याचे दोर वेटोळी करून उंच टांगायचे आणि तळाचे बूच काढून ठेवायचे, म्हणजे आत गळलेले पाणी साचून न राहता निघून जाईल. मग बांबूंचा साटा उभारून त्यावर नारळीच्या विणलेल्या झापांचे उतरते छप्पर घालायचे. हे छप्पर कडेला बंदिस्त करीत नसत. दोन्ही टोकांना वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर पावसाला अडवून दमटपणाला आत कोंडल्यासारखे होते.

होडी जमिनीवर कशी बसवावी ह्यातही मोठे कसब होते. पाण्यात असताना तिचा भार सर्व अंगांनी सारखा तोलला जातो. जमिनीवर तोच भार दोनतीन ठिकाणी एकवटतो. तळाचा कणा असलेला जो पठाण, त्याच्या संपूर्ण लांबीखाली आडवे ओंडके नीट पातळीत बसविले नाहीत, तर चार महिन्यांत नाळ आणि पिछाडी खाली झुकून होडीच्या पाठीला बाक येतो, आणि असा बाक आलेली नाव पुढे कितीही डागडुजी केली तरी सरळ चालत नाही. दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे. जोराचा पाऊस झाला, की खालची वाळू वाहून गेली काय, एखादा ओंडका खचला काय, हे पाहून पाचर ठोकायची. अर्थात कोणीतरी रोज पाहावयास हवे. होडी ठेवली आणि धनी निश्चिंत झाला, असे ह्या व्यवस्थेत कधीच नव्हते.

श्रावण जवळ आला म्हणजे पावसाला उघडीप पडे आणि किनाऱ्यावर सुतारांचे हात चालू लागत. कुजकी फळी ठोकून ओळखता येते: चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, आतून गेलेल्या लाकडाचा बद्द. ती फळी काढून नवी बसवायची. सांध्यांतला जुना कापूस उकरून नवा, तेलात भिजविलेला कापूस बोथट छिन्नीने ठासायचा आणि वर राळ व तेल एकत्र कढवून त्याचा लेप द्यायचा. कोकणात उंडीच्या बियांचे कडू तेल ह्या कामी मोठे उपयोगी. काजूच्या टरफलांतून निघणारे, कातडी भाजणारे तेलही लाकडाला आणि जाळ्यांना लावीत. तळाला चुना आणि तेल ह्यांचा थर चढे. तागाची व सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगविली म्हणजे ती लवकर कुजत नसत. वाळून आक्रसलेल्या फळ्यांमुळे नाव पाण्यात लोटल्यावर पहिला दिवसभर थोडे पाणी आत येई. पुढे लाकूड फुगून सांधे आपोआप आवळले जात. अनुभवी तांडेल हे जाणून असे आणि नव्या खलाशाला धीर देई.

ह्या साऱ्या खटाटोपास पैसा कोठून येई, ह्या प्रश्नाचे उत्तर मासेमारीच्या वाटणीच्या रिवाजात आहे. मिळकतीचे वाटे पाडताना माणसांच्या वाट्यांबरोबर होडीचा वाटा आणि जाळ्याचा वाटा निराळा काढण्याची पद्धत कोकणात सर्वत्र होती. तो वाटा नाखव्याकडे जाई खरा, पण त्याच्या बदल्यात डागडुजीची जबाबदारी त्याच्यावर असे. म्हणजे होडी ही जणू कुटुंबातली एक खाणारी व्यक्ती मानून तिची बेगमी हंगामातच केली जात असे. वर ओढण्याच्या कामीही हीच सामुदायिक दृष्टी दिसते. मोठा मचवा ओढावयास वाडीतील सारे हात लागतात. आज ह्याचा, उद्या त्याचा. ज्याने शेजाऱ्याच्या दोराला हात लावला नाही, त्याच्या दोराला हात लावणारा भेटत नसे. खारवी असोत, भंडारी असोत वा दालदी असोत, हा रिवाज सर्वांना सारखाच बांधून होता. पावसाळ्यात हेच खलाशी आपापल्या गावी भातलावणीस लागत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटीत. माल वाहणारी मोठी गलबते मात्र समुद्र पुरता निवळेपर्यंत आणखी थांबत. पौर्णिमेची तिथी पंचांगातच ठरलेली असल्यामुळे तत्पूर्वी दुरुस्ती उरकणे भागच पडे. देवाच्या नावाने ठरलेली तारीख माणूस सहसा चुकवीत नाही, हे त्यातले मर्म.

१८१८ साली पेशवाई संपून कोकण कंपनी सरकारच्या अमलाखाली आले आणि पुढे चार वर्षांत जिल्ह्याचे ठाणे बाणकोटाहून रत्नागिरीस हलले. आगबोटी आल्या, लोखंड आले. मुंबईच्या गोदीत तर त्यापूर्वीच वाडिया घराण्यातील कारागीर सागवानी जहाजे बांधीत होते, आणि त्यांनी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. नीट राखलेले लाकूड किती टिकते, ह्याचा ह्याहून मोठा दाखला नको. वाफेच्या बळावर ऋतूचे बंधन सुटेल असे वाटले होते. परंतु मुंबईहून रत्नागिरीकडे येणारी आगबोट पावसाळ्यात बंदच राहिली आणि मंडळींना घाटावरून वळसा घेऊन यावे लागले. ज्या जवळच्या फेऱ्या पावसाळ्यातही चालू राहत, त्यांतील ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. यंत्राने वेग वाढविला. समुद्राशी केलेला करार मात्र त्याला बदलता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांवर इंजिने बसली, मिरकरवाड्यास यांत्रिक नौकांची गर्दी झाली आणि पुढे फायबरच्या होड्या आल्या. फायबरला किडा लागत नाही, इंजिनाला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे पूर्वी जे बंधन समुद्र घालीत असे ते आता सरकारला घालावे लागते. १९८१ च्या सागरी मासेमारी अधिनियमाच्या आधारे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हेतू माशांच्या प्रजननाचा. तरी त्यातून नौकेला विश्रांती मिळते आणि इंजिन उघडणे, पंखा घासणे, तळ रंगविणे ही कामे होतात. उलट उदाहरणही रत्नागिरीकरांच्या डोळ्यांसमोर घडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले. खलाशी सुखरूप उतरले, जहाज मात्र वर्षानुवर्षे लाटांचे तडाखे खात तेथेच गंजत राहिले. लोखंडाचे एवढे धूड, परंतु रोज जाऊन त्याचा ओंडका पाहणारा कोणी नव्हता.

आणि आता समुद्राकाठच्या ह्याच गावांत, मांगरात किंवा पडवीच्या कडेला, कापड पांघरलेल्या मोटारी उभ्या दिसतात. धनी मुंबईस नोकरीला. तो गणपतीत येणार, शिमग्यास येणार, मध्ये सहा महिने गाडी जागची हलणार नाही. शत्रूंची नावे बदलली, जात तीच. खारा वारा पत्र्याला खातो, चाकाचा एकच भाग भार सोसून चपटा होतो, हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक जागच्या जागी धरतो, अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा थिजून पाणी धरते, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि जे कापड पावसासाठी घातले तेच वारा अडवून आत बुरशी वाढविते. मोटार बनविणारे आपल्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत किलोमीटरांत देतात आणि पुढे महिन्यांतही देतात, दोहोंपैकी जे आधी येईल ते. लोक पहिला आकडा वाचतात, दुसरा सोडून देतात; कारण गाडी चालली नाही तर ती झिजली नाही, अशी त्यांची समजूत असते. जुन्या नाखव्याला हा दुसरा आकडाच खरा वाटला असता, कारण त्याचे सारे शास्त्रच न चालणाऱ्या महिन्यांचे होते.

तेव्हा पूर्वीचे लोक अधिक कष्टाळू किंवा अधिक दक्ष होते म्हणून त्यांची गलबते टिकली, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी तो खरा नव्हे. आळशी नाखवेही पुष्कळ असतील. त्यांना सावरून धरणाऱ्या गोष्टी तीन होत्या: पंचांगाने ठरवून दिलेली तारीख, जवळ राहून रोज पाहणारा माणूस, आणि हंगामातच बाजूला काढलेला नावेचा वाटा. निगराणी ही ज्याच्या त्याच्या सद्‌गुणावर सोपविलेली बाब नव्हती. ती रिवाजाने बांधून दिलेली होती. आजच्या मोटारीला ह्यांपैकी एकही आधार आपोआप लाभत नाही. तो धन्याला मुद्दाम करून द्यावा लागतो. ज्याला आपली गाडी कोकणच्या हवेत टिकवावयाची आहे, त्याने भारी कापड आणि महागडे तेल आणण्यापूर्वी तिच्या नावाने एक तारीख ठरवावी, गावातल्या एका माणसाकडे पंधरवड्याला ती चालू करून अंगणात फिरविण्याचे काम मोबदला देऊन सोपवावे, आणि पगारातून तिचा वाटा दरमहा वेगळा काढावा. एवढे केले तर बाकीचे शास्त्र कोणताही मेकॅनिक सांगेल; एवढे केले नाही तर ते शास्त्र ठाऊक असूनही उपयोगाचे नाही.